वही एकतीस, पान एकशे बारा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सकाळी सहाला उठलो. दूध आणलं. आक्का साडेनऊला शेलारला तिच्या गावी परत गेली, तिला रिक्षापर्यंत सोडून आलो. दुपारी भात आणि कालची आमटी. संध्याकाळी निवेदिताच्या टेबलाचे खण आवरायला घेतले. एकच झाला.

यंदा दिवाळी केली नाही. आक्का माझी थोरली बहीण, ती भाऊबीजेला आली पण ओवाळलं नाही, जेवून मुक्काम केला इतकंच. येत्या शनिवारी निवेदिताला जाऊन तीन महिने होतील.

ही वही त्या खणात मिळाली. कोरी आहे. जाड हिरवा पुठ्ठा, प्रत्येक पानावर छापील क्रमांक. निवेदिता प्रयोगशाळेत अशाच वह्या वापरायची. ती बायोकेमिस्ट होती. मुंबईतल्या एका संस्थेत सव्वीस वर्षं तिने प्रोटीनवर काम केलं. निसर्गात नसलेलं प्रोटीन आधी कागदावर आखायचं, मग ते खरोखर बनवायचं आणि आखल्यासारखंच झालं का ते तपासायचं, असं ते काम. मी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. तिच्या कामातलं मला फार कळलं नाही.

पुठ्ठ्याच्या आत नियम चिकटवले आहेत. पान फाडू नये. खोडायचं तर एकच रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी आद्याक्षर. मागची तारीख घालू नये. पानाखाली लिहिणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार त्या कामातला नसावा, पण मजकूर समजून घेऊ शकणारा असावा.

नियम चांगले आहेत. पाळून बघतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सादियाचा फोन आला. निवेदिताची शेवटची विद्यार्थिनी. इथलीच, निजामपुऱ्यातली. रविवारी येऊ का म्हणाली. ये म्हटलं.

बाकी काही नाही. पाण्याची टाकी धुतली.

१० नोव्हेंबर, रविवार

सादिया अकराला आली. नानखटाई आणली होती. बाहेरच्या खोलीत बसली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "काका, घर फार नीट ठेवलंय तुम्ही."

मी म्हटलं, "विस्कटायला कोण आहे?"

मला तसं म्हणायचं नव्हतं. मी चहा ठेवला.

भिंतीवर निवेदिताच्या प्रोटीनचं चित्र फ्रेम करून लावलं आहे. लाल, निळ्या, पिवळ्या फिती एकमेकींत वळलेल्या. आक्का त्याला अजून लोकरीचा गुंता म्हणते. त्या प्रोटीनचं नाव अकलोली. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम कुंडांवरून निवेदितानेच ठेवलं, कारण ते उकळत आलेल्या पाण्यातही बिघडत नाही. २०१६ साली त्यावर तिचा लेख छापून आला आणि दिल्लीला सत्कार झाला. मीही गेलो होतो.

सादियाची पीएचडी या अकलोलीवरच आहे. आपल्याकडच्या कापड रंगवणाऱ्या डाइंगचं पाणी गरमच बाहेर पडतं, त्यातला रंग तोडायचा तर गरम पाण्यात टिकणारं प्रोटीन हवं. म्हणून अकलोलीचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात रंग तोडणारी खाच कोरायची, असं मॅडमनी आखून दिलं होतं.

"पण काका, चौथं वर्ष चालू आहे आणि मला अकलोली एकदाही बनवता आलेलं नाही. खाच राहू दे, सांगाडाच नाही."

मी विचारलं, बनवतात कसं. तिने सांगितलं ते मी इथे लिहून ठेवतो. बॅक्टेरियाच्या आत आपल्या प्रोटीनचा नकाशा सोडायचा. बॅक्टेरिया स्वतःच्या हजारो प्रोटीनांबरोबर आपलंही बनवतो. आपल्या प्रोटीनला एक शेपूट जोडलेली असते, ती निकेलला चिकटते. मग सगळं मिश्रण निकेलवरून सोडायचं आणि धुवायचं. इतर सगळं वाहून जातं. चिकटून राहिलं ते आपलं.

"मग तुझं काय बिनसतं?"

"उरतच नाही काही. जितकं स्वच्छ धुते तितकं कमी. भूपेश सर म्हणतात, तुझ्या हाताला यश नाही." हे ती हसून म्हणाली. "बीएनएन कॉलेजच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात जागा आहे. दहा डिसेंबरपर्यंत कळवायचंय. घेऊन टाकावी म्हणते."

नंतर मुद्द्यावर आली. मॅडमच्या तीस वह्या संस्थेत आहेत. एकतिसावी नाही. आजारपणात त्या घरून काम करत होत्या, तेव्हा ती इथे असेल का? त्यात एखादी युक्ती लिहिली असेल. "शेवटचं एकदा बघायचंय, काका. मग सोडते."

मी म्हटलं बघतो.

जाताना उरलेलं दूध तिने फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार दोन बोटांनी हळूच लावलं. निवेदिता तसंच लावायची. लॉकडाउनमध्ये आमच्या घरामागचे सगळे कापडाचे लूम बंद पडले, मांडणीवरची भांडी थरथरायची थांबली, तेव्हा निवेदिता म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा या घराची जमीन स्थिर आहे. तिने अंड्यातल्या प्रोटीनचे थेंब एका तबकात घालून फ्रिजमध्ये वर ठेवले. स्फटिक धरताना धक्का लागलेला चालत नाही. नऊ दिवस मी फ्रिजचं दार श्वास रोखून लावायचो. दहाव्या दिवशी तिने भिंगातून दाखवले. खडीसाखरेचा चुरा असावा तसे. छान होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

वही एकतीस माझ्याकडेच आहे, हे मला काल माहीत होतं. सादियाला बघतो म्हणालो ते खरं नव्हतं.

आज उघडली. सगळं इंग्रजी आणि आकडे. शेवटचं लिहिलेलं पान एकशे बारा, तारीख २९ जुलै. त्यात वर तीन आकडे, खाली तीन आकडे, मग काही खण आणि डब्यांचे क्रमांक. सगळ्यात शेवटी मराठीत तीन वाक्यं आहेत: म्हणजे हे आपलं नव्हतंच. बॅक्टेरियाचं स्वतःचं होतं. आठ वर्षं.

त्याखाली तिची सही. साक्षीदाराची जागा रिकामी.

ती जागा का रिकामी आहे ते मला माहीत आहे. २९ जुलैला संध्याकाळी निवेदिता पलंगावर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "अहो, इथे एक सही करा ना." मी चष्मा लावून पान बघितलं आणि म्हटलं, "यातलं मला कळत नाही. कळल्याशिवाय मी सही करत नाही, तुला माहितीये."

"माहितीये. म्हणून तर तुमच्याकडे आणलंय," ती म्हणाली. "मी समजावते. पाच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "उद्या. आज दमली आहेस."

तीस तारखेला ती दिवसभर झोपून होती. एकतीसला दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली नाही.

त्या तीन वाक्यांचा अर्थ मला कालच्या बोलण्यामुळे लागतो. निकेलला जे चिकटून राहिलं ते तिचं नव्हतं. मग लेख, सत्कार, भिंतीवरचं चित्र, सगळंच तिचं नव्हतं असं होतं. हे सादियाला दिलं तर जाहीर होणार. निवेदिता खुलासा करायला नाही.

वही संस्थेची मालमत्ता आहे. दप्तर घरी ठेवलं म्हणून मी लोकांना मेमो दिलेले आहेत.

खणाला कुलूप नाही, म्हणून वही पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. भूपेश आले होते. निवेदिताचे सहकारी, अकलोलीच्या लेखावर दुसरं नाव त्यांचं. आता विभागप्रमुख आहेत. स्वतः गाडी चालवत आले, सफरचंदं आणली. दीड तास बसले.

म्हणाले, "चिंतामणराव, निवेदिताच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं ठरवलंय. पहिलं जानेवारीत. हे चित्र मोठं करून सभागृहात लावू."

मला फार बरं वाटलं. कोणी इतकं करत नाही.

वह्या वगैरे काही घरी असतील तर गाडी आणलीच आहे, असं ते म्हणाले. चहा झाल्यावर पुन्हा विचारलं, एखादी राहिली असेल, तुम्हाला कशाला तो पसारा. जिना उतरताना तिसऱ्यांदा म्हणाले, सापडली तर सरळ मलाच फोन करा, मुलांच्या हातात देऊ नका. मुलं हरवतात. मी तिन्ही वेळा म्हटलं, अजून आवरतोय.

सादियाबद्दल मी विचारलं. म्हणाले, "मुलगी कष्टाळू आहे. पण हात नाही हो. काहींना नसतो. कॉलेजात शिकवेल, सुखी होईल." आपुलकीने बोलले.

डिसेंबरात जुना डीप फ्रीझर रिकामा करणार आहेत. निवेदिताच्या जुन्या नळ्या आहेत त्यात. "आठ-आठ वर्षं जुनं. कोण बघणार ते," म्हणाले.

भला माणूस. सफरचंदं मात्र भुसभुशीत निघाली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. रांग नव्हती. घरी स्लिपा दोन आल्या होत्या, एक माझी, एक तिची. तिची कुठे ठेवावी कळेना. या वहीत ठेवली आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आक्का काल राहायला आली. संध्याकाळी खिचडी टाकायला तांदूळ काढायला गेली आणि ओरडली, "चिंतू, तांदळात वही? बोरिक पावडर संपली वाटतं!"

सांगावं लागलं. सगळं नाही, जेवढं मला कळलंय तेवढं.

आज सकाळी तिला घेऊन अकलोलीला गेलो. तिचे गुडघे धरलेत, गरम पाण्याने बरं वाटतं. ती कुंडात पाय सोडून बसली. मी काठावर बसलो. १९९८ साली निवेदिता इथे थर्मास घेऊन आली होती आणि कुंडाचं पाणी भरत होती. शेजारच्या बाईने तीर्थ समजून ओंजळ पुढे केली. निवेदिताने तिलाही थोडं दिलं. परतताना बसमध्ये मला म्हणाली, आपल्या अंगातली प्रोटीनं या पाण्यात शिजतील, आणि या पाण्यात राहणाऱ्या जीवाची शिजत नाहीत. त्याने कुठे काय वेगळी गाठ मारली आहे ते मला शोधायचंय. पुढची सगळी वर्षं तेच.

आक्काला मी विचारलं, काय करू.

ती म्हणाली, "करायचं काय त्यात? गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं ठेवावं. आपल्या भाऊंनी दोनदा नोकरी सोडली ते आपण सांगतो का कोणाला? त्यांची फोटोला हार घालण्यापुरती अब्रू ठेवली ना आपण." भाऊ म्हणजे आमचे वडील.

"पण त्या मुलीचं काय?"

"तिला लागेल नोकरी. शिकलेली आहे." मग पाय हलवत बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "निवेदिता असती तर काय केलं असतं, ते मला नको विचारू. ती भाजीवाल्याने दोन रुपये जास्त दिले तरी भर उन्हात परत द्यायला जायची."

घरी आल्यावर वही पुन्हा तांदळात ठेवली. ~~बरोबर केलं.~~ (एक वाक्य खोडलं. चिं.)

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चष्म्याची दांडी जोडायला निजामपुऱ्यात गेलो होतो. दुकान उघडायला वेळ होता म्हणून सादियाच्या वडिलांच्या कारखान्यापर्यंत चालत गेलो. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

इद्रीसभाईंना मी पाण्याच्या जोडणीच्या कामावरून तीस वर्षं ओळखतो. चोवीस लूमपैकी दहाच चालू होते. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"या या, पाणीवाले साहेब! नळाला पाणी नाय आलं की तुमची याद यायची, आता तुम्हीच आलात."

आतल्या केबिनमध्ये बसलो. दार लावलं तरी टेबलावरचा चहा कपात थरथरत होता. निवेदिताबद्दल बोलले. मग सादियाबद्दल मीच काढलं.

ते म्हणाले, "साहेब, पोरगी घरी येते, जेवत नाय. म्हणते, अब्बा, माझ्या हातात खोट आहे. मी म्हटलं, बेटा, माझा बाप लूमवर मेला, मी पण इथेच मरणार. एक गोष्ट सांगतो. कपडा एकाच जागी दोनदा फाटला तर आपण कारीगरला शिव्या देत नाय. सूत बघतो. तू चार साल झाले, हात बघून राहिलीस. एकदा सूत बघ ना."

"मग काय म्हणाली?"

इद्रीसभाईंनी कप खाली ठेवला. "म्हणाली, अब्बा, सूत मॅडमचं आहे."

बाहेर एक लूम अडकला. कोणीतरी हाक मारली. ते उठता उठता म्हणाले, "मॅडमच्या पुढे आपण काय बोलणार?"

चष्मा न जोडताच परत आलो. चौकात आल्यावर लक्षात आलं.

सादियाला फोन केला. रविवारी ये म्हटलं, आणि लॅपटॉप आण.

१ डिसेंबर, रविवार

वही टेबलावर काढून ठेवली होती. पुठ्ठ्याला तांदळाचं पीठ लागलेलं, ते पुसलं.

सादिया आली. मी म्हटलं, "ही माझ्याकडे होती. मागच्या वेळीही होती."

तिने पान एकशे बारा उघडलं आणि उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. मग चेहरा हातांत झाकून खूप वेळ बसली. मला वाटलं रडते आहे. हात काढले तर हसत होती, डोळेही ओले होते.

"काका, माझे हात चांगले आहेत हो."

मी म्हटलं, "मला समजावून सांग. पहिल्यापासून."

पाच मिनिटं लागली नाहीत, तास लागला. लिहून ठेवतो.

बॅक्टेरियाचं एक स्वतःचं प्रोटीन असं आहे की त्याला शेपूट न जोडताही ते निकेलला चिकटतं. निवेदिताने आखलेलं अकलोली बनत होतं पण कच्चं होतं, लगेच विसकटून जात होतं. धुतल्यावर नळीत उरलं ते बॅक्टेरियाचं. ते गरम पाण्यात टिकणारंच आहे, म्हणून कसोटीलाही उतरलं. त्याचेच स्फटिक धरले. स्फटिकांवरून जे चित्र मिळालं ते अंधुक होतं. त्या अंधुकात निवेदिताने आपली आखणी बसवून बघितली, आणि ती बसल्यासारखी वाटली.

"वाटली?"

"अंधुकात आपल्याला जे हवं असतं ते दिसतं, काका. म्हणून तर नियम असतात."

सादिया नव्या पद्धतीने जास्त स्वच्छ धुते. तिच्या नळीत बॅक्टेरियाचं ते प्रोटीन उरत नाही. म्हणून काहीच उरत नाही.

मग तीन आकडे. प्रत्येक स्फटिक म्हणजे एकाच मापाच्या अतिसूक्ष्म पेट्यांची रास. पेटीची लांबी, रुंदी, उंची मोजता येते. जगात आजवर मोजलेल्या पेट्यांची यादी आहे. आपली मापं त्या यादीत घालून बघायची, अशीच पेटी आधी कोणाची निघालेली नाही ना. हे लेख छापण्याआधी करायचं असतं. निवेदिताने ते केलं नव्हतं. २९ जुलैला केलं.

वर तिच्या स्फटिकाचे: ७१.४, ७१.४, १२८.९. खाली त्या बॅक्टेरियाच्या प्रोटीनचे: ७१.३, ७१.३, १२९.०.

मी म्हटलं, "फरक आहे."

सादिया म्हणाली, "तुम्ही तर भूपेश सरांपेक्षा कडक आहात. स्फटिक गोठवताना इतका फरक पडतोच." मी दाखव म्हटलं. तिने यादीतल्या त्याच प्रोटीनच्या आणखी सहा नोंदी दाखवल्या. त्यांच्यातही आपसात तेवढाच फरक होता. मग मी छापलेला लेख मागितला. आठव्या पानावर तक्त्यात हेच आकडे आहेत, ७१.४, ७१.४, १२८.९. आठ वर्षं छापलेले होते. कोणी शेजारी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

पानावरचे खण आणि डब्यांचे क्रमांक म्हणजे २०१६ च्या एका नळीची जागा. ती नळी मिळाली तर आतल्या प्रोटीनचं वजन करता येईल, मग शंका उरणार नाही. मी भूपेशनी फ्रीझरबद्दल सांगितलेलं तिला सांगितलं. तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी सातला जाते."

जाताना दारात थांबली. "काका, एकोणतीस जुलैला मॅडमचा मिस्ड कॉल होता मला. मी लॅबमध्ये होते. तीस तारखेला दोनदा केला, कोणी उचलला नाही."

फोन माझ्याजवळ होता. निवेदिता झोपली होती, म्हणून आवाज बंद करून ठेवला होता. हे मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "बरं केलंत. झोपू दिलंत."

३ डिसेंबर, मंगळवार

सादियाचा मेसेज. नळी होती. खण चार, डबा अकरा, लिहिल्याप्रमाणेच. वजनाला दिली.

७ डिसेंबर, शनिवार

वजन आलं. बॅक्टेरियाचंच.

सादियाने फोनवर सांगितलं. आवाज शांत होता. खरं अकलोली का विसकटतं हे आता तिला शोधायचं आहे. मॅडमची आखणी चुकीची नव्हती, कच्ची होती, असं तिचं म्हणणं. एका ठिकाणी दोन गाठी मारल्या तर धरेल, असं ती म्हणाली. मी विचारलं, कॉलेजला काय कळवलंस? म्हणाली, "आजच नाही म्हणून कळवलं."

मग एक अडचण सांगितली. लेख मागे घेण्याचं पत्र ती लिहिणार. पण पान एकशे बारावर साक्षीदाराची सही नाही. त्यामुळे ते निवेदितानेच जुलैत लिहिलं, मागाहून कोणी घातलं नाही, असं म्हणायला आधार कमी पडतो. सादिया सही करू शकत नाही, तिचा फायदा आहे. भूपेश करू शकत नाहीत, त्यांचं नाव लेखावर आहे.

नियम मी पुन्हा वाचला. साक्षीदार त्या कामातला नसावा, पण मजकूर समजून घेऊ शकणारा असावा.

म्हणजे मी चालतो.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी पान एकशे बारा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इंग्रजी शब्द अडले ते डिक्शनरीत बघितले. तीन आकडे लेखातल्या तक्त्याशी ताडले, यादीशी ताडले. बरोबर आहेत.

सही करायला बसलो तेव्हा तारखेपाशी थांबलो. २९ जुलै घातली असती तर सगळं सरळ झालं असतं. तिची तारीख, माझी तारीख, एकाच संध्याकाळची. मी तेव्हा खोलीत होतोच. पान मी तेव्हा पाहिलं होतं हेही खरं आहे.

पण समजलं नव्हतं. समजून घेतलं नव्हतं.

लिहिलं ते असं: हे पान २९ जुलै २०२४ रोजी सायंकाळी माझ्या पत्नीने मला दाखवले. मजकूर तेव्हा हाच होता. त्या दिवशी मला तो समजला नव्हता म्हणून सही केली नाही. आज समजला. चिंतामणी, ८ डिसेंबर २०२४.

तिच्या सहीशेजारी माझी सही जरा मोठी वाटते. जागा कमी होती.

९ डिसेंबर, सोमवार

आज चार महिने झाले.

बसने मुंबईला गेलो. वहीबरोबर माझं पत्र, चार प्रतींत. संस्थेच्या आवक विभागात दिलं आणि माझ्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का मागितला. बाई म्हणाल्या, लोक हल्ली ईमेल करतात. मी म्हटलं, शिक्का द्या. दिला.

दुसरी प्रत सादियाला दिली. तिसरी भूपेशना. ते कॉरिडॉरमध्येच भेटले. पत्र उभ्याने वाचलं. म्हणाले, "चिंतामणराव, तिचं नाव तुम्ही स्वतःच्या हाताने..." आणि थांबले.

मी म्हटलं, "सही आधी तिची आहे. माझी खाली आहे."

व्याख्यानाचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सादिया फाटकापर्यंत आली. नव्या प्रोटीनलाही अकलोलीच म्हणायचं का, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी बनव, मग बघू. निवेदिताही असंच म्हणाली असती, असं ती म्हणाली. तसं असेल.

घरी यायला सात वाजले. मागचे लूम चालू होते. भिंतीवरचं चित्र काढावं का, असं मनात आलं. सादियाच्या म्हणण्याप्रमाणे चित्र आखणीचं आहे, आणि आखणी तिचीच. राहू दिलं.

भात टाकला. येताना अर्धा लिटर दूध आणलं होतं. हल्ली एक लिटर संपत नाही. तापवून, निववून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार हळू लावलं.